चार बोटं

शेवटचा साधा दिवस बुधवार होता. असले दिवस आधी वर्दी देऊन येत नाहीत, त्यामुळे शूपिंगने त्या दिवशी एकही गोष्ट नीट केली नाही. बसमध्ये ती छापखान्याची मुद्रितं तपासत आली, वसाहतीच्या फाटकाशी शेजारच्या छाओमावशींना चुकवून मागच्या वाटेने वळली, आणि बाबांच्या खिडकीखालच्या वाफ्याशी पोचली तेव्हा तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की सहाची परतीची बस चुकायला नको.

बाबा बुटक्या स्टुलावर बसून जमीन मोजत होते.

"एकतीस," वर न बघता ते म्हणाले. "काल एकोणतीस होते."

"जेवलात का?"

"एकतीस शाओयाव आणि चार मुदान. एकूण पस्तीस. हिशेब जमला."

हा हिशेब ऐकून लुओयांग शहरातलं शेंबडं पोरही हसलं असतं. मुदान म्हणजे झुडूप. हिवाळ्यातही त्याच्या काटक्या ताठ उभ्या असतात, आणि एप्रिल लागला की त्यांच्यावर मुठीएवढ्या कळ्या धरतात. शाओयाव ही त्याची चुलत बहीण. ती थंडीत जमिनीत गडप होते आणि वसंतात लाल कोंब काढत पुन्हा वर येते. फुलं इतकी सारखी की नुसतं फूल हातात दिलं तर परगावचा माणूस फसावा. पण मान सगळा मुदानला. उत्सव त्याचा, बसवर चित्र त्याचं, बिस्किटाच्या पुड्यावरही तोच. शाओयावची मुळं औषधाच्या दुकानात मिळतात आणि बायकांच्या पोटदुखीवर उकळून देतात. बाबांनी लावले होते पस्तीसच्या पस्तीस मुदान.

ही किमया अशी घडते. नर्सरीवाले मुदानची काडी शाओयावच्या मुळावर बांधतात. मूळ म्हणजे दाई. काडीला स्वतःची मुळं फुटेपर्यंत तिने तिला पोसायचं आणि मग मुकाट्याने संपून जायचं. त्यासाठी कलमाचा सांधा जमिनीखाली चार बोटं पुरावा लागतो. सांधा वर राहिला तर काडीला मुळं फुटत नाहीत, ती वाळून जाते, आणि क्वचित कधी दाईच घर बळकावते. बाबांच्या वाफ्यात हे 'क्वचित' एकतीस वेळा घडलं होतं. वाचले ते चार रानटी मुदान. ते बियांपासून वाढवलेले होते, त्यांना दाई नव्हती.

रुआन तेशंग, म्हणजे बाबा, अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर होते. केसाच्या जाडीचा दहावा हिस्सा चुकला तर ते तुकडा भंगारात टाकत आणि संध्याकाळी जेवत नसत. निवृत्त झाल्यावर पहिली दोन वर्षं त्यांनी शेजाऱ्यांच्या नळाच्या चकत्या बदलल्या. सगळ्या वसाहतीचे नळ गळायचे थांबले तेव्हा त्यांनी मुदान गोळा करायला घेतले. बेत मोठा होता : नऊच्या नऊ रानटी जाती आणि नावाजलेल्या शंभर बागाईत जाती. जागा तीन मीटर बाय अकरा, आणि त्यातही छाओमावशींची कांद्याची पात.

"याओ घराण्याचा पिवळा, वेई घराण्याचा जांभळा, झाओ घराण्याचा गुलाबी," बाबा बोटांवर मोजत. "हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी परसात उगवला आणि घराण्याचं नाव राहिलं. रुआन घराण्याचं काही आहे का? नळाची चकती."

वसाहतीच्या समितीने हा वाफा त्यांना सुखासुखी दिला नव्हता. समितीच्या दोउबाईंना तिथे विजेच्या स्कूटरी चार्ज करायची शेड हवी होती. बाबांनी सहा अर्ज केले. सहावा मंजूर झाला तो 'प्रात्यक्षिक मुदान अंगण' या नावाखाली आणि एका अटीवर : तिसऱ्या वसंतात नगर उद्यान कार्यालयाचा माणूस येईल, त्याला नावानिशी तीस जातींचे मुदान दिसले पाहिजेत. नाही दिसले तर शेड. अर्जात शाओयावचा उल्लेख नव्हता. कोण कशाला करील?

हा तिसरा वसंत होता, आणि तपासणीला अठरा दिवस उरले होते.

"माप चुकलं माझं," त्या बुधवारी बाबा म्हणाले. दोन वर्षं ते सगळ्यांना हेच सांगत होते. छाओमावशींना, मंग मास्तरांना, भाजीवाल्याला. "लेथवर असतो तर पगार कापला असता."

शूपिंगने वाफ्यातलं एक तण उपटलं. दोन वर्षं ती गप्पच होती, आणि त्याचं कारण तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

कारण असं. लावणीच्या दिवशी, अडीच वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, नर्सरीच्या पार्सलातून एक सूचनापत्रक निघालं. अक्षर मुंगीएवढं. बाबांना बसचा नंबरसुद्धा दिसत नसे, पण चष्मा नाकाला खाज आणतो म्हणून ते घालत नसत. "तू वाच," ते म्हणाले. "तुझा धंदाच वाचण्याचा आहे." धंदा खरा होता. शूपिंग एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते. पानातली गळालेली ओळ शोधून काढणं हे तिचं काम, आणि त्या कामात तिचं नाव आहे.

तर ती वाचत होती आणि बाबा फावडं घेऊन उभे होते. वरच्या मजल्यावरून छाओमावशी खाली आल्या होत्या, शेजारच्या जिन्यातून मंग मास्तर आले होते, आणि प्रत्येक ओळीवर चर्चा होत होती.

"मुळं दोन दिवस सावलीत सुकवावीत," शूपिंगने वाचलं.

"कुणाची सावली?" छाओमावशी म्हणाल्या. "भिंतीची सावली वेगळी, झाडाची वेगळी. माझ्या माहेरी भिंतीची धरतात."

"सावली ही सापेक्ष कल्पना आहे," मंग मास्तर म्हणाले. त्यांनी शाळेत राज्यशास्त्र शिकवलं होतं.

"खड्डा दोन फूट खोल."

"बाजाराचा फूट की पुस्तकी फूट?" बाबांनी विचारलं. या एका प्रश्नावर वीस मिनिटं गेली.

सहा ओळींना पावणेदोन तास लागले. सातवी ओळ शूपिंगला आधीच दिसली होती : *कलमाचा सांधा जमिनीखाली चार बोटं ठेवावा.* आणि तिला पुढचं सगळंही दिसलं. चार बोटं कुणाची? मावशींची की मास्तरांची? आडवी की उभी? बाबा आत जाऊन मोजपट्टी आणणार, तिघांची बोटं मोजणार, सरासरी काढणार. सहाची बस निघून जाणार. तिने डोळा सातवीवरून उचलला आणि आठवीवर ठेवला. "माती दाबून पाणी द्यावं," तिने वाचलं. कुणालाच काही गळाल्यासारखं वाटलं नाही. बस मिळाली.

पहिल्याच वसंतात लाल कोंब वर आले तेव्हा तिने ग्रंथालयात जाऊन तीन पुस्तकं चाळली. तिन्हींत चार बोटं होती. त्या रविवारी ती सांगायचं ठरवूनच आली, पण तोवर बाबा भाजीवाल्याला सांगून मोकळे झाले होते : "माप चुकलं माझं." आयत्या तयार झालेल्या वाक्यात दुरुस्ती करणं तिला अवघड गेलं. एरवी तीच तिची रोजीरोटी होती.

बुधवारी त्यांनी शियांगचूनच्या कोवळ्या पाल्यात अंडी परतली. वर्षातून दोनच आठवडे हा पाला मिळतो आणि बाबा तेवढे दिवस दुसरं काही शिजवत नसत. जेवताना ते म्हणाले, "शरदात पुन्हा लावू. यंदा नीट मोजून."

"बाबा," शूपिंग म्हणाली.

"हं?"

"मीठ कमी आहे."

त्यांनी मिठाची बरणी सरकवली. सहाची बस तिला मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना बाबा मोरीशी कोसळले, आणि छाओमावशींनी नळ वाहत राहिल्याचा आवाज ऐकून दार फोडवलं. वसाहतीतल्या कुठल्याही घरातून नळाचा आवाज येत नसे, म्हणून तो त्यांना लगेच ऐकू आला.

सातव्या दिवसाचे विधी झाले. शूपिंगने रजा काढली आणि ती बाबांच्या खोलीत राहायला आली. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी बाबांबद्दल चांगलं बोले, मग खिडकीतून वाफ्याकडे बघे, आणि मग तेच म्हणे.

"हाताचा पक्का माणूस. पण शेवटी माप चुकलंच."

"वय झालं की होतं तसं."

"एकतीस! एखाददुसरं समजू शकतो."

कारखान्यातले जुने सोबतीसुद्धा हेच बोलून गेले, तेही हसत, प्रेमाने. शूपिंग त्यांना चहा देत होती. अडतीस वर्षांचं काम एका वाफ्यापाशी येऊन खोटं ठरत होतं, आणि ती कपात पाणी ओतत होती.

मग दोउबाई आल्या. त्यांनी आधी डोळे टिपले आणि मग पिशवीतून कागद काढला. तपासणी ठरल्या दिवशीच होणार होती. अर्जदार हयात नसल्याने वारसाने हजर राहावं. पिशवीत आणखीही एक गुंडाळी होती, तिच्यातून शेडच्या नकाशाचा निळा कोपरा डोकावत होता. दोउबाईंनी तो आत ढकलला, तो पुन्हा बाहेर आला.

"मला वाईट वाटतं, पोरी. पण नियम म्हणजे नियम. चार मुदानांना अंगण कसं म्हणायचं?"

छाओमावशींना खरं तर शेड हवी होती. स्कूटरची बॅटरी रोज तीन मजले वर चढवून त्यांची कंबर गेली होती, आणि बाबांशी त्यांचं यावरून तीन वर्षं भांडण चाललं होतं. पण दोउबाईंची पाठ वळताच त्यांनी आपला निर्णय बदलला.

"असं जिंकण्यात मजा नाही," त्या म्हणाल्या. "समोर माणूस नको का? रुआनदादा असते तर मी स्वतः कुदळ घेऊन आले असते. आता मी त्यांच्या बाजूने. तीस मुदान हवेत ना? आणते."

"कुठून मावशी? या दिवसांत लावलेलं जगत नाही."

"जगायला कोण सांगतंय? साहेब जाईपर्यंत उभं राहिलं की झालं."

मावशींचा जावई स्टेशनजवळच्या एका मोठ्या हॉटेलात दरवान होता. उत्सवासाठी त्या हॉटेलच्या दारात मुदानच्या तीस कुंड्या मांडल्या होत्या. सकाळी आणायच्या, वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायच्या, तपासणी झाली की परत. शूपिंगने नको म्हटलं. तिने नको म्हटलं तेव्हा मंग मास्तर जातींच्या पाट्या रंगवायला बसलेसुद्धा होते. दुःखात असलेल्या माणसाचं कुणी ऐकत नाही. सगळे त्याच्यासाठी फार गुंतलेले असतात.

तपासणीच्या सकाळी दोन तीनचाकी भरून कुंड्या आल्या. फुलं टच्च उमललेली होती आणि देखणी होती. अडचण एवढीच की तीसच्या तीस एकाच जातीची होती : लुओयांग लाल. शहरात सगळ्यात जास्त आढळणारी, रस्त्याच्या दुभाजकात लावतात ती. मास्तरांच्या पाट्या मात्र तीस जातींच्या होत्या, आणि अक्षर इतकं सुंदर की फेकवेना.

"'याओ घराण्याचा पिवळा' कुठे लावू?" मास्तरांनी विचारलं.

"कुठेही लावा, सगळे लालच आहेत," शूपिंग म्हणाली.

"उमलताना लाल असतो, मग पिवळा पडत जातो, असं सांगू."

"तुम्ही शाळेत असंच शिकवायचात, मास्तर," छाओमावशी म्हणाल्या. "माझा मुलगा दोनदा नापास झाला तो काही उगाच नाही."

"तो वर्गात झोपायचा."

"तुम्ही बोलायचात म्हणून झोपायचा!"

दहाला येणारे साहेब साडेदहापर्यंत आले नाहीत. उत्सवाची गर्दी होती, रस्ते तुंबले होते. अकरा वाजले, बारा वाजले. ऊन तापलं तशा कुंड्यांतल्या पाकळ्या सैल पडू लागल्या. मावशींनी त्यांच्यावर छत्र्या धरायला लावल्या. शाओयावचे कोंब एव्हाना गुडघ्याएवढे झाले होते आणि कुंड्यांच्या मधून डोकी काढून बघत होते. मास्तरांनी ते पानांआड दडपायचा प्रयत्न केला. एक दडपला की दुसरा वर येई.

दीड वाजता उद्यान कार्यालयाचे ब्येन साहेब आले, आणि नेमका त्याच वेळी मागच्या फाटकातून जावई आला. हॉटेलवर दोन वाजता पाहुण्यांची तुकडी यायची होती. त्याने कुणाकडे बघितलं नाही. तो वाफ्यात उतरला आणि कुंड्या उपटून तीनचाकीत टाकू लागला, पाट्यांसकट.

ब्येन साहेब पन्नाशीचे, दमलेले, काखेत फाइल. त्यांनी 'याओ घराण्याचा पिवळा' लालभडक चेहऱ्याने आपल्यासमोरून जाताना पाहिला. पाठोपाठ 'हिरवा घेवडा' अशी पाटी मिरवत दुसरी कुंडी गेली, तीही लाल.

"हे कुठे निघाले?" त्यांनी विचारलं.

"ऊन खायला," छाओमावशी म्हणाल्या.

शेवटची कुंडी गेली, आणि वाफ्यात तीस गोल खड्डे, चार रानटी मुदान आणि एकतीस हिरवेगार शाओयाव उरले. दोउबाईंनी नकाशाची गुंडाळी पिशवीतून बाहेर काढली. मास्तर रंगाच्या डब्याचं झाकण लावत बसले, ते लागेना. शूपिंगला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं. खड्डे तयारच होते.

साहेब रागावले नाहीत. ते बाबांच्या स्टुलावर बसले, फाइल मांडीवर उघडली आणि लिहू लागले. "मुदान : चार. शाओयाव : एकतीस." मग त्यांनी वर पाहिलं. "झाडं मात्र छान आहेत. इतके निरोगी शाओयाव आमच्या बागेतसुद्धा नाहीत. पण अटीत मुदान लिहिलंय."

"मेलेल्या माणसाचं अंगण आहे, साहेब," छाओमावशी म्हणाल्या.

"कळतं मला, मावशी. अंगणाचं काय ते कार्यालय ठरवील. मला फक्त नोंद करायची आहे. जाती का टिकल्या नाहीत, त्याचं कारण लिहावं लागतं." त्यांनी फाइलमधला एक कागद उलटला. "अर्जदारांनी फेब्रुवारीत निवेदन दिलंय. हजर असलेल्यांसमोर वाचून दाखवायचं असतं, म्हणून वाचतो. 'वाफ्यातली कलमं उथळ लागली. चूक माझी. नर्सरीचं सूचनापत्रक मी स्वतः वाचलं होतं. त्यात खोली लिहिलेली होती, मी ती मोजली नाही. दुसऱ्या कुणाचाही दोष नाही. रुआन तेशंग.'"

शूपिंगने मंग मास्तरांकडे पाहिलं. अक्षर त्यांचं होतं, ते दुरूनही कळत होतं.

"मी सांगितलं होतं त्यांना," मास्तर खाली बघत म्हणाले. "म्हटलं रुआनदादा, अर्जात कुणी स्वतःची चूक लिहितं का? पावसावर घाला, नर्सरीवर घाला. आणि तुम्ही पत्रक वाचलंत कधी? तुम्हाला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही. ते म्हणाले, तू लिही. म्हटलं, शूपिंगने वाचलं होतं ना? तर एकदम चिडले. म्हणाले, तिचा धंदा वाचण्याचा आहे, तिचं नाव यात कशाला? 'मी स्वतः वाचलं', हे आधी लिही."

"पत्रकात खोली होती हे त्यांना कुणी सांगितलं?" शूपिंगने विचारलं. तिचा आवाज नेहमीचाच होता.

"पत्रक माझ्याकडे आणून त्यांनी वाचून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी. पहिले कोंब आले त्याच आठवड्यात."

त्याच आठवड्यात. म्हणजे ती रविवारी सांगायला आली त्याच्या आधी. म्हणजे भाजीवाल्याला सांगितलं त्याच्याही आधी. दोन वर्षं तिच्यासमोर बसून ते कोंब मोजत होते आणि माझं माप चुकलं म्हणत होते, आणि तिने एकदा तोंड उघडलं तेव्हा तिच्यापुढे मीठ सरकवत होते.

"तर कारण असं," ब्येन साहेब पुटपुटत लिहू लागले. "'अर्जदाराचा निष्काळजीपणा.'" नोंदवहीच्या त्या रकान्यात आणखी कशाला जागाच नव्हती.

"साहेब, ते खोडा," शूपिंग म्हणाली.

"काय?"

"ते कारण. ते त्यांचं नाही."

दोउबाई गुंडाळी धरून थांबल्या. मावशींच्या हातातली छत्री अजून उघडीच होती. शूपिंग वाफ्याच्या कडेला, एका रिकाम्या खड्ड्यापाशी उभी होती. साहेबांकडे न बघता, मास्तरांकडे न बघता, ती कोंबांकडे बघत बोलली, सावकाश, एकही शब्द न गाळता.

"पत्रक मी वाचलं. सातवी ओळ मला दिसली होती. सांधा जमिनीखाली चार बोटं. मी ती गाळली, कारण मला बस पकडायची होती. बाबांनी काहीच चुकवलं नाही. त्यांचं माप बरोबर होतं. मी जसं वाचलं, तसंच त्यांनी लावलं."